सुनीलच्या चाकांवर माझा डोळा

पिरनवाडीत बाळूअण्णाचं टायरचं दुकान आहे. तिथं हवा भरायला गेलेला माणूस चहा पितो, दोन किस्से ऐकतो आणि एखादा आपला ठेवून येतो. माझेच तिथं इतके साठलेत, की नव्या गिऱ्हाइकाला टायर दाखवायच्या आधी अण्णा माझी गोष्ट सांगतो. त्या प्रत्येक गोष्टीत सुनील असतोच. सुनील माझा शाळेपासूनचा मित्र, शहापुरात त्याचे साड्यांचे माग आहेत. मी गणिताचा मास्तर. आम्ही दोघांनी एकाच मॉडेलची, एकाच पांढऱ्या रंगाची गाडी घेतली आणि तिथंच माझं चुकलं.

* * *

पहिल्याच दिवाळीला सुनीलनं साडेसहा इंच रुंद अलॉय रिम घातल्या, वर दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे टायर. रिमवर टायर असा बसलेला, की नजर हटेना. मी गाडीभोवती फिरून खोट शोधली. मिळाली नाही.

"बरं हाय," एवढंच म्हणालो.

घरी आलो तर बायको आमची गाडी बघून म्हणते, "आपली गाडी आजारी हाय का हो? पाय बारीक दिसालेत."

मला जेवण गेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "अण्णा, दोनशे पंचवीस घाल."

"सर, तुमची रिम कंपनीची, साडेपाच इंची. तिच्यावर एकशे पंच्याऐंशी झ्याक बसतंय. लई ओढलं तर दोनशे पाच. दोनशे पंचवीसला सहा इंच तरी रिम पायजे. न्हायतर कडा आत दबत्यात, टायर पोटात फुगतंय आन् वळणावर गाडी डोलती."

हे सगळं मला माहीत होतं. रिम आणि टायरचं कोष्टक मी त्याच्याआधी पाठ केलं होतं.

"सुनीलचे केवढे?"

"दोनशे पाच."

"मग दोनशे पंचवीसच."

अण्णानं जॅक ओढला. "घालतो. पण कुणी इचारलं तर माझ्या दुकानाचं नाव सांगू नका."

* * *

एका रविवारी दोन्ही घरं मिळून जांबोटीला निघालो. सुनील पुढं, मी मागं. वळणावर त्याची गाडी रस्ता धरून जायची. माझी आधी विचार करायची आणि मग वळायची. मागच्या सीटवर सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

जांबोटीच्या अलीकडं सुनीलचं चाक खड्ड्यात आदळलं आणि रिम वाकली. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात लाडू फुटले.

पण गावातली माणसं जमली. कुणी जॅकला हात लावला, कुणी सुनीलला ताक आणून दिलं. एक म्हातारबाबा वाकलेल्या रिमवर हात फिरवत म्हणाले, "काय देखणं चाक हाय रं."

माझी चारही चाकं धडधाकट होती. तिकडं कुणी बघितलं नाही. माणसाला दुसऱ्याच्या वाकलेल्या रिमचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

मग माझ्या भाच्याचं, ओंकारचं लग्न ठरलं, निपाणीत. आमच्यात नवरदेवाला मांडवापर्यंत मामाच्या गाडीतनं न्यायचा मान असतो. ओंकारला सुनीलची गाडी आवडते, हे मला ठाऊक होतं. चारचौघांत त्यानं तीच मागितली तर? तोंड कुठं लपवू? झोप उडाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुनील स्वतःच मला दुकानात घेऊन गेला. वाकलेली रिम त्यानं केव्हाच सरळ करून आणली होती.

"भाच्याचं लगीन हाय," तो म्हणाला. "माझी चाकं तुझ्या गाडीला घाल, तुझी मला दे. लगीन झालं की परत बदलू."

मी गाडीची किल्ली अण्णाच्या हातात दिली. आता त्याच्या चांगुलपणावरही जळायची पाळी आली होती.

दुसऱ्या दिवशी निपाणीत दोन्ही पांढऱ्या गाड्या शेजारी उभ्या होत्या. माझ्या गाडीला झेंडूच्या माळा, खाली सुनीलची अलॉय चाकं. सुनीलच्या गाडीला माझे पोट सुटलेले टायर. बाशिंग बांधून ओंकार बाहेर आला. त्यानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी आला.

"मामा, राग धरू नका. मी सुनीलकाकांच्या गाडीतनं जातो. त्येंची चाकं बघा की, कसली रुंद हायत."