खाऱ्या पाण्याची परीक्षा

दुष्काळाच्या साली मी जालन्यात, मस्तगडला मामाकडं राहून बी.एस्सी. करत होते. कुंभार पिंपळगावहून निघतानाच वडिलांनी बजावलं होतं, "फेल झालीस की सरळ घरी यायचं. मंग लगीन." लग्नाला माझी ना नव्हती, पण ते शिक्षा म्हणून व्हावं याचा मला भयंकर राग यायचा.

रसायनशास्त्रातली पी-ब्लॉकची मूलद्रव्यं मला आमच्या भावकीसारखी वाटत. नायट्रोजन कुणाच्या अध्यात ना मध्यात. पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवून ठेवला नाही तर आपसूक पेटणारा, थेट आमचे धाकटे काका. आणि क्लोरीन न बोलावता सगळीकडं हजर.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येकीला एकच क्षार ओळखायचा होता. माझ्या परीक्षानळीत तपकिरी कडं आलं, म्हणजे नायट्रेट. पण दुसऱ्या नळीत ॲसिड घालून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तर तळाशी पांढरा साका बसला. म्हणजे क्लोराईड! एका क्षारात दोन्ही कसे असतील? शेजारची कुजबुजली, "माहं बी क्लोराईडच. सगळ्यांचंच तेच आलंय. लिहून टाक."

सगळ्यांचंच कसं येईल? नळ कोरडे पडल्यामुळं प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर बनत नव्हतं, आणि सकाळी शिपाईमामांना मागच्या विहिरीवर बादल्या भरताना मी पाहिलं होतं. विहीर म्हटल्यावर मला आईच आठवली. आमच्या आडाचं पाणी खारं, त्यात डाळ शिजता शिजत नसे आणि आई रोज त्या आडाला शिव्या देई. खारं पाणी म्हणजे त्यात क्लोराईड! मी कोऱ्या नळीत नुसतं पाणी घेतलं, ॲसिड घातलं, थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांपुढं मी ती नळी धरली. "सर, क्लोराईड क्षारात नाही, पाण्यातच आहे."

त्यांनी स्वतः करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग सगळ्यांना थांबवून म्हणाले, "आधी पाणी तपासा, मग क्षार." मी नायट्रेट लिहिलं.

पास होऊन गावी गेले आणि सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "शीक मंग पुढं." मला रडूच आलं. आई चुलीपुढं डाळीशी झटत होती.

"जल्मभर या पाण्यानं माही डाळ शिजू दिली न्हाई," ती म्हणाली, "पर माह्या पोरीला पास केलं."

आणि पहिल्यांदाच आडाला शिवी न देता तिनं पातेल्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलं.