भागीरथाबाईंचं पुस्तक फुकट मिळत नाही

भागीरथाबाई तेलगोटे यांनी अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका वाचनालयात शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढली. पुस्तकं झाडायची, शिक्के मारायचे, फाटकी पानं खळ लावून चिकटवायची आणि कार्यक्रमाला आलेल्या साहित्यिकांना चहा द्यायचा. किती साहित्यिक पाहिले याची गणती नाही. त्यांच्याबद्दल मत विचाराल तर बाई एवढंच सांगतात, की साखर कमी घेणारे फार थोडे.

वाचून परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी बाई ते उलटं धरून झटकायच्या. त्यातून काय काय पडायचं! एसटीचं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, लग्नपत्रिकेचा तुकडा, कोणाच्या तरी वेणीची रिबीन. एकदा एका मुलीचं दहावीचं हॉल तिकीट पडलं, तर बाई भर उन्हात पत्ता शोधत जाऊन ते देऊन आल्या. जे पडेल ते बाई शाळेच्या वहीत लिहून ठेवायच्या. कोणत्या पुस्तकात, कितव्या पानाशी सापडलं, आणि ते ठेवणारं माणूस कसं असेल याचा आपला अंदाज. अशा चार वह्या भरल्या. निवृत्त झाल्यावर त्या वह्यांतून त्यांनी पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं, ‘पुस्तकातून पडलेलं’. ते छापून निघालं तेव्हा बाई चौसष्ट वर्षांच्या होत्या, आणि तीनशे प्रतींचे गठ्ठे घरी आले त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, इतक्या त्या खुशीत होत्या.

आता आपल्याकडची रीत अशी, की पुस्तक स्वतः छापलं की माणूस ते वाटत सुटतो. भेटेल त्याला एक प्रत. वाचनालयांना तर हमखास. बाईंनी मात्र ठरवलं होतं, की एकाही वाचनालयाला फुकट प्रत द्यायची नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला पैशाची हाव सुटली. तसं काही नव्हतं. वाचनालयात मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली एकतीस वर्षं बाईंच्याच कमरेला होती. भेट आलेली पुस्तकं त्या कपाटात जात. निवडून विकत घेतलेलं पुस्तक नोंदवहीत चढे, त्याला नंबर पडे, ते बाहेरच्या कपाटात उभं राही. भेटीच्या पुस्तकाबद्दल समिती म्हणे, बघू, पुढच्या मिटिंगला घेऊ. ती पुढची मिटिंग काही कधी आली नाही. त्या कपाटाची किल्ली बाईंकडे एकाही वाचकाने कधी मागितली नव्हती.

त्यामुळे त्यांच्याच वाचनालयाचे सचिव जेव्हा म्हणाले, “बाई, एक प्रत भेट द्या, आपण छान सत्कार ठेवू, शाल-श्रीफळ देऊ,” तेव्हा बाई म्हणाल्या, “शाल हाये माह्याजवळ, साहेब. पुस्तक पायजे असंन तं इकत घ्या.” सचिव हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वाचनालयाची पायरी चढणं बंद केलं. आपलं पुस्तक तिथे नंबर पडून उभं राहील तेव्हाच आपण जायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. घरी त्या हे कोणाला बोलल्या नाहीत, पण त्यांचा जीव त्यातच अडकला होता.

पुस्तक वाचनालयात विकत जायचं तर वितरक लागतो. अमरावतीचे कुंदनभाऊ अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचनालयांना आणि दुकानांना पुस्तकं पुरवत. ते बाईंना जुने ओळखत होते, म्हणजे थोडे घाबरतच होते. त्यांचे गठ्ठे वाचनालयात आले की बाई एकेक पुस्तक चाळून पाहायच्या आणि पानं उलटसुलट लागलेली प्रत त्याच पावली परत पाठवायच्या. नवख्या लेखकाचं एकुलतं एक पुस्तक कुंदनभाऊ सहसा घेत नसत. “ताई, आयएसबीएन नंबर लागते, त्याच्याबिगर यादीत टाकता येत नाई,” असं त्यांनी आधी टाळून पाहिलं. बाईंनी तो नंबर अर्ज करून कधीच मिळवला होता. पुस्तकाच्या पाठीवर नाव ठळक छापून घेतलं होतं, कारण पाठीवर नाव नसलेलं पुस्तक कपाटात उभं राहून कोणालाच दिसत नाही हे त्यांना पाठ होतं. मग कुंदनभाऊंनी दोन प्रकरणं वाचली आणि टाळणं सोडून दिलं. “दीडशे प्रती घेऊन या. शनवारपासून अकोल्यात ग्रंथोत्सव हाये, सगळी वाचनालयं तिथंच निवड करतात. माही गाडी गुरवारी सकाळी निघते. बुधवारी माल माह्या गोदामात पायजे, यादी अन् बिलं इथंच बनतात.”

बाईंच्या अंगात वारं शिरलं. पण त्याआधी त्यांना बहिणीच्या आजारपणासाठी तीन दिवस तेल्हाऱ्याला जावं लागलं. आणि ते तीन दिवस घरात एकटे उरले त्यांचे यजमान, देवमन.

देवमन तेलगोटे पेंटर. अकोल्यातल्या अर्ध्या दुकानांवरच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आले आणि देवमनचा ब्रश डब्यात वाळून गेला. अक्षर मात्र तसंच राहिलं, पाहत बसावं असं. बायकोचं पुस्तक आलं म्हणून त्यांना फार अभिमान वाटत होता, आणि त्यात आपलं काहीच नाही याची जराशी रुखरुखही. त्यांनी गठ्ठा सोडून पुस्तक उघडलं. आत पहिलंच पान कोरं. देवमनला वाटलं, हे राहूनच गेलं. त्यांच्या घरात चाळीसेक पुस्तकं होती, सगळी चहाच्या बदल्यात साहित्यिकांनी बाईंना दिलेली, आणि त्या प्रत्येकाच्या पहिल्या पानावर हातानं ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं होतं. ते नसलेलं पुस्तक देवमननं जन्मात हातात घेतलं नव्हतं. त्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही अशीच त्यांची समजूत.

मग काय, काळी शाई आणली, कट-निबचा पेन काढला. तीन दिवसांत तीनशे प्रती. वर वळणदार ‘सप्रेम भेट’, मधे नावासाठी टिंबांची ओळ, खाली ‘भागीरथा देवमन तेलगोटे’. एकाही पानावर डाग नाही. शाई वाळवून पुन्हा तसेच गठ्ठे बांधले, गाठीसुद्धा प्रेसवाल्याच्या मारल्या, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाईंना अमरावतीत सगळ्यांसमोर चकित करायचं होतं ना.

बुधवारी सकाळी दोघं दीडशे प्रती घेऊन मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एसटीत बसले. बाई खिडकीशी. मधेच गठ्ठ्यावर हात ठेवून पाहत होत्या. देवमन उगाचच हसत होते. “काहून हासून राह्यले, अजी?” बाईंनी दोनदा विचारलं. “काई नाई,” ते म्हणाले आणि पुन्हा हसले.

कुंदनभाऊंच्या गोदामात गठ्ठा देवमननं स्वतः सोडला. पहिली प्रत कुंदनभाऊंच्या हातात दिली आणि बाजूला सरून उभे राहिले. कुंदनभाऊंनी पुस्तक उघडलं. दुसरं उघडलं. मग पाच-सहा भराभर उघडली आणि खुर्चीत बसले.

“ताई, हे काय करून ठेवलं?”

बाईंनी पान पाहिलं. अक्षर कोणाचं हे विचारायची गरजच नव्हती. देवमनचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. “तीनशेच्या तीनशे लिवल्या,” ते म्हणाले. “बरं नाई दिसून राह्यलं का?”

“काका, अक्षर लय सुंदर हाये,” कुंदनभाऊ म्हणाले. “पण भेट लिवलेल्या पुस्तकाचं बिल कोन देईन? तपासनीस आला की पयले इचारते, भेटीच्या पुस्तकाले पैसे कसे देल्ले? एक वाचनालय हात नाई लावणार.” थोडं थांबून त्यांनी दिलासा देण्याच्या सुरात म्हटलं, “असं करा ताई. आता लिवलंच हाये तं सगळ्यायले भेटच देऊन टाका. मी पोचवतो गाडीतून, भाडं नाई घेत. नाव होईन तुमचं.”

नाव होईल! बाईंना ते लोखंडी कपाट दिसलं. दोन जिल्ह्यांत अशी किती कपाटं असतील, आणि प्रत्येकात आपलं एकेक पुस्तक. राग असा आला, की नवऱ्याला चार शब्द सुनवावेत. त्यांनी वळून पाहिलं. देवमन एक प्रत हातात धरून उभे होते आणि आपण नेमकं काय बिघडवलं हे समजून घेत होते. कळलं तसा त्यांचा चेहराच उतरला. दहा वर्षांनी त्या हाताला काम मिळालं होतं. बाईंचा राग तिथेच अर्धा झाला, पण ठरवलेलं काही बदललं नाही.

“कापाचं,” त्या म्हणाल्या.

“काय?” कुंदनभाऊंनी विचारलं.

“हे पान. मागून कोरं हाये, छापील काईच नाई त्याच्यावर. मुळातून नाई कापाचं, बोटभर कागद ठेवाचा, नाई तं पुढलं पान सुटते. एकतीस वर्सं सुटलेली पानंच चिकटवली मी. पान कापल्यावर तुमाले चालते का, तेवढं सांगा.”

कुंदनभाऊंनी विचार केला. “छापील सगळं शाबूत असंन तं चालते. पण दीडशे प्रती, ताई. सकाळी गाडी निघते.”

“पट्टी अन् कटर आना.”

बाई कटर उचलणार तोच देवमननं तो घेतला. “मी कापतो,” ते म्हणाले. “तुह्या हातानं तिरपं जाईन. पट्टी तू धर.” बाईंनी पट्टी धरली.

दुपारचे बारा वाजले होते. गोदामाच्या दारात उजेडाला दोघं समोरासमोर बसले. बाई पान उघडत, पट्टी दाबत. देवमन एका ओढीत कापत. पाटीचं अक्षर आखणारा तो हात, एकही रेघ वाकडी गेली नाही. पहिल्या वीसेक प्रतींना देवमन कापलेल्या पानाकडे पाहत होते, नंतर पाहीनासे झाले. मग दोघांना लय सापडली. कुंदनभाऊंनी चहा मागवला, मग आपणही येऊन गठ्ठे बांधायला बसले. शंभराव्या प्रतीला बाईंना एकदम हसू फुटलं. “लोक पुस्तक लिवासाठी रक्त आटवतात,” त्या म्हणाल्या, “आपुन पुसाले आटवून राह्यलो.” देवमनही हसले, गठ्ठा सोडल्यापासून पहिल्यांदा मोकळे.

ऊन कलायच्या आत एकशे एकोणपन्नास झाल्या. शेवटची प्रत बाईंनी कापू दिली नाही. कुंदनभाऊंचा पेन मागून घेतला आणि टिंबांच्या ओळीवर, नवऱ्याच्या अक्षरापुढे अगदीच गबाळ्या अशा आपल्या अक्षरात लिहिलं, ‘श्री. देवमन यांस’. “हे एकच देतो फुकट,” त्या म्हणाल्या. देवमननं ती प्रत शर्टाच्या आत ठेवली.

ग्रंथोत्सवात बाई कुंदनभाऊंच्या स्टॉलवर बसल्या नाहीत. समोरच्या स्टॉलवर बालगीतांची पुस्तकं चाळायचं सोंग करत उभ्या राहिल्या. नांदगाव खंडेश्वरच्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल आले, पुस्तक उचललं, उभ्या उभ्या वाचायला लागले. ग्रंथपाल हसले, पान उलटलं, पुन्हा हसले, आणि पुस्तक घेतलेल्या ढिगावर ठेवलं. एक नाही, दोन प्रती. बाईंनी बालगीतांचं पुस्तक इतकं घट्ट धरलं होतं, की तो स्टॉलवाला म्हणाला, “मावशी, घेता का तेवढं?” बाईंनी खुशीत तेही घेऊन टाकलं. तीन दिवसांत प्रती संपल्या आणि कुंदनभाऊंनी घरच्या शंभर आणखी मागवल्या. देवमन त्यांची पानं शीळ घालत कापत होते.

कुंदनभाऊंनी दाखवलेल्या यादीत जठारपेठेतलं वाचनालयही होतं. दोन प्रती, खरेदी. बाईंनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. पण लगेच गेल्या नाहीत. पुस्तकाला नंबर पडायला, कव्हर चढायला, चिठ्ठी लागायला किती दिवस लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी पुरता सव्वा महिना वाट पाहिली. मग एका रविवारी ठेवणीतलं लुगडं नेसून, देवमनला बरोबर घेऊन त्या वाचनालयात गेल्या.

ललित गद्याचं कपाट डाव्या हाताला. बाईंनी वरून खालपर्यंत पाठी वाचल्या. पुस्तक नव्हतं. पुन्हा एकदा बोट लावून वाचल्या. नव्हतंच. त्यांची नजर आपोआप मागच्या खोलीकडे गेली. विकत घेऊनही तिथेच टाकलं की काय?

टेबलाशी ग्रंथपाल मंजुषा बसली होती. बाईंच्या हाताखाली शिक्के मारायला शिकलेली.

“मंजू, माहं पुस्तक जागेवर नाई,” बाई म्हणाल्या.

“कसं असंन, ताई?” मंजुषा म्हणाली. “आल्यापासून एक दिवस टिकलं नाई कपाटात. दोन्ही प्रती बाहेर हायेत, अन् तीन जण नाव लावून बसले.”

बाई तिथल्या बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. देवमननं त्या कपाटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“मंग आपुन पायाले काय आलो?” त्यांनी हळूच विचारलं.

“हेच पायाले आलो, अजी,” भागीरथाबाई म्हणाल्या.