दुरुस्तीला आलेलं चालू घड्याळ

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, गडचिरोलीच्या जंगलात असताना त्याहून वाईटही पाहिलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. लख्ख आठवतं ते मात्र एका मनगटी घड्याळाच्या चोरीचं प्रकरण. वर्तमानपत्रात त्याची ओळसुद्धा छापून आली नाही, आणि न आली तेच बरं झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. नागभीडला गाडी बदलून जावं लागायचं आणि चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं होती, एवढं पुरे. धान कापणीला आलं होतं आणि दिवाळी तोंडावर होती.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात गावातल्या राइस मिलवाल्याचा तरुण मुलगा आत आला. त्याने एका माणसाचा दंड धरला होता. तो त्यांच्याकडचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राहिलेला गडी. वय पन्नाशीचं, पायाला चिखल तसाच.

"साहेब, यानं माझं घड्याळ चोरलं. सोनेरी पट्ट्याचं आहे. सासऱ्यानं लग्नात देल्लं होतं. कपाटात राहत होतं, सणावारालेच घालत होतो. याच्याशिवाय आतल्या खोलीत कोणी येत नाई."

चोरीची फिर्याद द्यायला येणारा माणूस आधी काय काय गेलं ते घडाघडा सांगतो, मग कोणावर संशय आहे ते सांगतो. हा उलटा चालला होता. त्याच कपाटात दागिने होते, तेही विचारावं लागलं तेव्हा कळलं, आणि ते जागच्या जागी होते. शिवाय फिर्यादीवर सही करताना त्याची बाही वर सरकली. उन्हाने रापलेल्या मनगटावर पट्ट्याएवढी जागा चांगली गोरी दिसत होती. कपाटात राहणाऱ्या घड्याळाचा असा माग मनगटावर उमटत नाही.

 फिर्याद नोंदवून घेतली. सालदाराची अटक दाखवली नाही, चौकशीसाठी बाकावर बसवून ठेवलं. त्याला विचारलं तर एकच उत्तर, "मी नाई घेतलं." मार बसेल याची त्याला भीती दिसली नाही. थोड्या वेळाने त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"साहेब, एक इनंती आहे. माह्या घरी सांगू नका. पोरीची सोयरीक जुळून राह्यली."

वरून दबाव सुरू झालाच होता. मिलवाल्याचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या दिवशी गड्याला एक तर कोर्टात उभं करायचं, नाही तर सोडायचं, असा प्रश्न होता. चोर म्हणून एकदा कोर्टात उभा राहिला की निर्दोष सुटला तरी त्या पोरीची सोयरीक मोडणार, हे मला कळत होतं.

गेलेल्या वस्तूचं वर्णन दुकानांत कळवायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. घड्याळाची दुकानं गावात दोनच. एक नवीन, काचेचं. दुसरं म्हणजे बसस्टँडजवळच्या चाळीत एक टेबल, त्यावर काचेची पेटी, आणि मागे बसलेले घड्याळवाले चाचा. चावीच्या घड्याळांच्या जमान्यात त्यांच्यासमोर गर्दी असायची. सेलची घड्याळं आली आणि गर्दी ओसरली. आता दिवसाला एखादा सेल बदलून दिला तरी खूप.

माझा हवालदार वर्णन सांगून आला, आणि येताना पानठेल्यावरच्या खबऱ्याकडून बातमीही घेऊन आला. बातमी सांगताना तो हसत होता.

"साहेब, चोराचा पत्ता कायले शोधता? चाचाच्या पोरीले विचारा. मिलवाल्याचा पोरगा तिच्यासंगच राहे ना! त्याच्याआधी डेपोतला बाबू होता. त्याच्याआधी तो कंडक्टर. अख्ख्या गावाले माहीत आहे."

खबऱ्यांबद्दल एक सांगून ठेवतो. चोरीची खबर आणायला त्यांना आठ-आठ दिवस लागतात, बाईच्या वागणुकीची खबर पाच मिनिटांत येते आणि वर चहाही मागत नाहीत. मला हवालदाराच्या हसण्याचा राग आला. तसं त्याला सांगितलं. पण खबर सोडून देण्यासारखी नव्हती.

कायद्याने बाईचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो. मी महिला शिपायाला पुढे पाठवलं, तर ती परत येऊन म्हणाली, "साहेब, ती म्हणते कुठीही बोलवा, घरी येऊ नका." मग ग्रामपंचायतीच्या सभागृहात दुपारी बसलो. महिला शिपाई शेजारी होती.

मुलगी पंचवीस-सव्वीसची असावी. डोक्यावर ओढणी, पण नजर सरळ. आई लहानपणीच गेलेली. बल्लारपूरला लग्न करून दिलं होतं, तिथून ती काही महिन्यांत परत आली होती. मी प्रश्न घोळवत होतो, तिने मला त्या त्रासातून सोडवलं.

"तुमाले जे सांगितलं ते खरं आहे साहेब. मी त्याच्यासंग होती. बाकीच्यायसंगही होती. पण चोरी नाई केली. घड्याळ त्यानं आपल्या हातानं काढून देल्लं."

"कशाला?"

"मी म्हटलं, बंद पडलं दिसते, अब्बाले दाखवते."

"आणि बाकीच्यांची घड्याळं?"

"त्यायचेही नेले. सगळे अब्बाजवळच देल्ले. काही परत केले, काही बाकी आहे."

मला कळेना. चोरीचा माल कोणी बापाकडे दुरुस्तीला नेत नाही. मी विचारलं, "काऊन पण?" माझ्या तोंडून तिथलंच बोलणं आलं, आणि त्यामुळे असेल, ती थोडी सैल झाली.

"लहान होती तवा मी अब्बाच्या टेबलाखाली खेळत राहत होती. अब्बा डोळ्याले भिंग लावून दिवसभर घड्याळात पाहे. मले वाटे, मीही एखादं घड्याळ राहती त बरं झालं असतं." ती हसली, पण मला हसता आलं नाही. "नवरा वाईट नव्हता साहेब. पण संध्याकाळ झाली का माह्या जिवाले लागे, अब्बा जेवला असंल का. रोज रडत होती. तो कंटाळला, इथी आणून सोडलं. आता हे माणसं माह्याकडं पाहते, तेवढा वेळ बरं वाटते. घरी आली का मंग काहीच वाटत नाई. अब्बा रिकाम्या टेबलावर बसून राहते. म्हणून घड्याळ आणते. आणलं का तो मले जवळ बसवते, काय बिघडलं ते समजावून सांगते. दोन-दोन तास बोलते."

"मग मिलवाल्याच्या मुलाचं परत का केलं नाही?"

"त्यानं मांगितलं होतं. पण अब्बा म्हणे, अजून काम बाकी आहे. मी कशी घाई करू? अब्बाले वाटलं असतं आपल्याच्यानं होत नाई."

सगळा उलगडा झाला. दिवाळीला सासरा येणार, मनगट रिकामं दिसणार. चाचांच्या टेबलापाशी जाऊन घड्याळ मागायची या पठ्ठ्याची छाती नव्हती, कारण मुलीच्या बापाला काय सांगणार? चोरीला गेलं म्हटलं की सुटला, आणि त्यासाठी गडी बरा सापडला.

ती उठता उठता थांबली. तोवरचा धीटपणा गेला होता.

"साहेब, चोरी मीच केली असं लिहा. सही करते. त्या गड्याले सोडा. पण बाकीचं अब्बाले कळू देऊ नका. चोर म्हटलं तरी त्याले सहन होईन. हे नाई होणार."

मी तिला घरी पाठवलं, पण माझी पंचाईत झाली. खरं कागदावर आणावं तर फिर्याद खोटी ठरत होती आणि मिलवाल्याच्या मुलावरच कारवाई होत होती. त्याचं मला दुःख नव्हतं. पण मग मुलीचा जबाब कोर्टात वाचला जाणार, आणि बसस्टँडजवळच्या टेबलापर्यंत तो पोचायला वेळ लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळीच चाचा ठाण्यात आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि सोनेरी पट्ट्याचं घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं. ते चालू होतं.

"हवालदारसाहेबांनी जे सांगितलं ते हेच. मिलवाल्या शेठच्या पोराचं. तो दुरुस्तीले देऊन गेला अन् विसरला. तसं लिहून घ्या. गड्याले सोडून द्या."

"स्वतः देऊन गेला?"

"तसंच लिहा साहेब."

मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चाचांना बसायला सांगितलं. विचारलं, "काय बिघडलं होतं यात?"

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"काईच नाई. ती बाजूची चावी ओढून आणते साहेब. चावी ओढली का घड्याळ थांबते. मी दाबतो, चालू होते. पयल्याच दिवशी समजलं मले. चालतं घड्याळ दुरुस्तीले कोण देते? अन् देल्लं त माह्या पोरीजवळ काऊन देते?"

"मग तिला बोलला नाहीत?"

"बाप कोणत्या तोंडानं विचारंल? मी तरण्या वयात दिवसभर घड्याळातच डोकं घालून राह्यलो. बिनमायचं लेकरू पायाशी खेळे, तिच्याकडं ध्यान नाई देल्लं. आता ती समोर येऊन बसते, अब्बा काय बिघडलं म्हणून पुसते. मी काईबाई सांगतो. सामान नागपूरहून यायचं आहे म्हणतो, दिवस काढतो. घड्याळ माह्याजवळ आहे तोवर ती घरी राहते साहेब. परत देल्लं का पुन्हा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हात जोडले. "तिले सांगू नका का मले ठाऊक आहे. ती मरून जाईन."

 गुन्हेगारांसमोर मी कधी मान खाली घातली नाही, त्या दिवशी घातली.

मग मिलवाल्याच्या मुलाला बोलावलं. घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणालो, "मनगटावर घालून बघ, त्या गोऱ्या पट्ट्यावर बरोबर बसतं का." त्याचा चेहरा पडला. घड्याळ दुरुस्तीला दिल्याचं विसरलो, गैरसमजातून फिर्याद दिली, असा पुरवणी जबाब त्याने मुकाट्याने दिला. गैरसमजाची फिर्याद म्हणून मी कोर्टाकडे 'क' समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली आणि प्रकरण बंद झालं. काटेकोर कायद्यात ते बसत होतं का, हे कृपा करून मला विचारू नका. माझी एक अट मात्र होती. सालदाराला त्याने स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून, भर बाजारातून, घरापर्यंत पोचवायचं. तो पोचवून आला. पोरीची सोयरीक टिकली, हे मला नंतर कळलं.

बाप आणि लेक, दोघांना मनातल्या मनात दिलेली दोन वचनं माझ्याजवळ राहिली. दोन्ही पाळायची ठरवली होती, पण मन खात होतं. एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीवर पांघरूण धरून बसली होती, आणि त्या पांघरुणासाठी मुलीला पुन्हा बाहेर जाऊन कोणाचं तरी मनगट शोधावं लागणार होतं.

काही महिन्यांनी माझी मुलचेऱ्याला बदली झाली. निघायच्या आधी मी बसस्टँडजवळच्या टेबलापाशी गेलो. मुलगी चाचांच्या बाजूला स्टुलावर बसली होती. मी माझं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि तिच्या हातात ठेवलं.

"बंद पडलंय. अब्बांना दाखव."

तिने ते घेतलं, आणि तिचा हात थांबला. अनेकदा केलेली गोष्ट ती ओळखणार नाही तर कोण? तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. चाचांनी घड्याळ घेतलं. भिंग उचललं नाही. ओढलेल्या चावीकडे पाहून त्यांनी ते परत तिच्यापुढे सरकवलं.

"तूच कर बेटा. तुले येते."

तिने अंगठ्याने चावी दाबली. सेकंदाचा काटा चालू लागला. बराच वेळ ती त्या काट्याकडेच पाहत राहिली. मग ओढणीने तोंड झाकून रडायला लागली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मले मालूम होतं बेटा," ते म्हणाले, "सुरवातीपासून मालूम होतं." मी माझं घड्याळ उचलून निघालो. मी कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

पुढे ती सुधारली, सुखी झाली, असं मी लिहिणार नाही, कारण मला ठाऊक नाही. बऱ्याच वर्षांनी जुना हवालदार गडचिरोलीत भेटला. म्हणाला, चाचा वारले, टेबलावर आता पोरगीच बसते. तिच्याबद्दल आणखी काही सांगायला त्याने तोंड उघडलं तेव्हा मी विषय बदलला.

माणूस शिक्षेला भितो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या दोन दिवसांत माझ्यासमोर चार माणसं बसली, आणि तुरुंगाबद्दल एकानेही विचारलं नाही. सालदार लेकीच्या सोयरिकीसाठी भीत होता, मिलवाल्याचा मुलगा सासऱ्याच्या नजरेला, मुलगी बापाला आणि बाप मुलीला. त्यानंतर माझ्यासमोर कोणी आरोपी बसला की काय केलंस हे विचारण्याआधी मी विचारत असे, घरी कोण आहे? पुष्कळदा त्यातच सगळा जबाब येऊन जाई.

ते घड्याळ मी अजून वापरतो. मध्येच कधी बंद पडलं तर दुकानात नेण्याआधी एकदा चावी दाबून पाहतो.