खरखर न करणारा रेडिओ

रेडिओ विकणाऱ्याला किस्से कधी कमी पडत नाहीत बाप्पा! रेडिओ खपत नाहीत, पण किस्से रोज दोन-चार जमा होतात. गिऱ्हाईक येतं, अर्धा तास रेडिओ कानाला लावून ऐकतं, सेलचं झाकण उघडून बघतं, घरच्या चार गोष्टी सांगतं आणि जाताना मोबाइलचं कव्हर घेऊन जातं. रेडिओ माझ्याकडेच राहतो आणि गोष्टीही माझ्याकडेच राहतात. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

आमचं दुकान गोंदियाजवळच्या गोरेगावात, बाजाराच्या रस्त्यावर. बाबांनी टाकलं तेव्हा फक्त रेडिओचं होतं. आता त्याचे दोन भाग झालेत. एकीकडे मी, म्हणजे रेडिओ, पंखे आणि मिक्सरची दुरुस्ती. दुसरीकडे माझी बायको सुनीता, म्हणजे कव्हर, चार्जर, इयरफोन आणि रिचार्ज. खोटं कशाला बोलू, घर तिच्या भागावर चालतं. माझ्याकडे उरलंय ते दर्शनी काचेचं कपाट. बाबांच्या वेळेपासून त्यात रेडिओच मांडलेले असतात, आणि त्या काचेवर सुनीताचा डोळा आहे.

अशात एका कंपनीचे सहा डिजिटल रेडिओ मी मोठ्या हौसेनं मागवले. सुनीतानं खोके मोजले आणि म्हणाली, "दिवाळीपरेंत हे सहाही विकून दाखवा. एक बी उरला, त काच माही!"

"मंजूर!" मी म्हणालो.

बोलून तर गेलो, मग काचेकडे बघितलं. त्या काचेत रेडिओ नसले तर मला माझ्याच दुकानात पाहुण्यासारखं वाटेल हो. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

*

पहिल्याच बाजाराच्या दिवशी कंपनीचा साहेब नागपूरहून डेमो द्यायला आला. टाय, पॉलिशचे बूट, अंगावर अत्तर. दुकानासमोर ही गर्दी जमली! साहेबांनी रेडिओ चालू केला, आणि आवाज काहीच नाही.

डिजिटलचं असं असतं. लागला तर एकदम स्वच्छ, नाही लागला तर एकदम मुका. मधलं काही नाही. आमच्या डोक्यावर टिनाचं छप्पर, शेजारी वेल्डिंगचं दुकान. साहेब रेडिओ घेऊन रस्त्यावर गेले. तिथं लागेना. चहाच्या टपरीपाशी गेले, तिथंही लागेना. साहेब पुढे आणि गर्दी मागे, अशी वरातच निघाली. शेवटी साहेब धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात उतरले. बूट चिखलात रुतले, टाय खांद्यावर गेला, आणि रेडिओ लागला! आवाज म्हणजे गाणारी बाई समोर उभी आहे असा.

"बघा! आहे का अशी क्वालिटी कुठे?" साहेब चिखलातून ओरडले.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारेबुवा काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "क्वालिटी त मस्तच हाये साहेब. मंग आता मी घर इथंच बांधू का?"

त्या दिवशी एकही विकला गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी छपराच्या बाहेर तार काढली, तेव्हा कुठे दुकानात बसून स्टेशन लागायला लागलं.

*

आवाज स्वच्छ आहे ही तर आमची मुख्य जाहिरात. पण लोकांना नेमका त्याचाच संशय येतो.

एक काका आले. रेडिओ उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला आणि मला विचारलं, "याले कुठं मारा लागते?"

"मारायचं कशाला काका?"

"आवाज गेला त?"

"याचा आवाज जात नाही."

काकांनी रेडिओ हळूच काउंटरवर ठेवला. "माह्या घरचा तीस वर्सापासून माह्या हातचा मार खाऊन राहिला, म्हनून सरळ वाजते. जो मारल्यानं सुधरत नाही, त्याचा काय भरोसा?"

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि रेडिओ परत काचेत ठेवला.

*

आणि हे रिचार्जवालं. तालुक्यातले एक शेतकरी भाऊ, चांगले शिकलेले. रेडिओ त्यांना फार आवडला. पडद्यावर गाण्याचं नाव येतं, बातम्यांच्या ओळी येतात, हे बघून खूश झाले. मग विचारलं, "महिन्याचा कितीचा मारा लागते?"

"काहीच नाही."

"म्हंजे नेट?"

"नेट नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. फुकट आहे."

झालं! भाऊंचा चेहराच पडला. "पहिले सारेच फुकट देतेत जी. आदत लागली का मंग मारतेत." मी शपथा घेतल्या. तारेकडे बोट दाखवलं, लहरी कशा हवेतून येतात ते हातवारे करून सांगितलं. पण जेवढं मी समजावलं तेवढा त्यांचा संशय वाढला.

शेवटी ते मला सोडून सुनीताकडे गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमी खरं सांगा. याचा रिचार्ज कितीचा हाये?"

सुनीता कुणाच्या तरी मोबाइलला काच चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, असता त मी ठेवला नसता का?"

भाऊंनी रेडिओ तिथल्या तिथे घेतला! पहिला सेट असा खपला, आणि तोही तिनं खपवला. तिला हे लक्षात आलं तेव्हा दिवसभर स्वतःवरच चिडून होती.

*

गोंदियाचं गिऱ्हाईक वेगळं, ते हिंदीतच बोलणार. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरहून एक शेठजी स्कूटरवर आले होते.

"भैया, इसमें टॉर्च है?"

"नहीं."

"ब्लूटूथ?"

"नहीं."

"मच्छर भगाने का कुछ?"

"नहीं शेठजी."

"तो इसमें है क्या?"

"रेडिओ है!"

"अरे वो तो ठीक है, पर काम का क्या है?"

*

आमच्या भागात श्रोता संघ असतात, माहीत असेल तुम्हाला. गावोगावी फरमाइशवाले लोक. गाण्याची फरमाइश पाठवायची, तिच्यात घरातल्या सगळ्यांची नावं टाकायची, आणि रेडिओवर नाव आलं की त्या दिवशी शेजाऱ्यांना चहा पाजायचा. आमच्या संघाचे अध्यक्ष मनोहरभाऊ. शिंपीकाम करतात, मशीनच्या बाजूला रेडिओ चालूच. अध्यक्ष म्हणजे नवीन वस्तू आधी त्यांच्याच घरी पाहिजे, म्हणून त्यांनी एक सेट घेतला.

आठ दिवसांनी टेप गळ्यात तसाच लटकलेला, आणि मनोहरभाऊ तणतणत दुकानात!

"हा पडदा कायले देल्ला तुमी?"

"काय झालं भाऊ?"

"गानं लागलं. गायकाचं नाव आलं. सिनेमाचं नाव आलं. फरमाइश कोनाची? माही! माहं नाव काऊन नाही आलं?"

"भाऊ, नाव निवेदिकाबाईंनी तोंडानं सांगितलं असेल ना?"

"तोंडानं त जुन्या रेडिओवर बी सांगत होत्या! मी साऱ्या मोहल्ल्याले बलावलं होतं नाव पाहाले. सारे पाहून राहिले आन् नाव गायकाचं!"

मी हात जोडले. म्हटलं, "पडद्यावर काय येतं ते माझ्या हातात नाही हो, स्टेशनवाले पाठवतात."

मनोहरभाऊ जरा थंडावले. मग जाता जाता वळून म्हणाले, "मंग याचे पैसे मी कायले देल्लो? गायकानं द्याले पायजे होते!"

*

देवरीकडचा एक कास्तकार गडी, इंदलभाऊ. जंगलाला लागून वावर आहे त्यांचं. रेडिओ घेतला, पैसे रोख दिले, एक शब्द भाव केला नाही. मी मनात म्हटलं, वा! सगळे गिऱ्हाईक असेच असावेत.

चार दिवसांनी सकाळच्या बसनं हजर. रेडिओ पिशवीत.

"बिघडला का?"

"बिघडला नाही जी. पन डुकरं येऊन राहिले."

मला काही कळेना. रेडिओचा आणि डुकराचा काय संबंध? तर झालं असं होतं. इंदलभाऊ रेडिओ मचाणावर लावून ठेवायचे, रानडुकरं पळवायला. जुना रेडिओ काय करायचा? स्टेशन बंद झालं की खर्रर्रर्र, खर्रर्रर्र, सकाळपर्यंत! त्या खरखरीला डुकरं घाबरायची. हा डिजिटल मात्र स्टेशन बंद झालं की गुपचूप बसायचा. कार्यक्रम संपला, निवेदकानं नमस्कार केला, की डुकरं वावरात!

"नमस्कारानं डुक्कर पळत नाही भाऊ," इंदलभाऊ म्हणाले.

कंपनीनं खरखर काढायला किती डोकं लावलं असेल विचार करा! आणि आमच्या माणसाला खरखरच पाहिजे. मी माळ्यावरचा एक खटारा रेडिओ काढला, बटन फिरवलं. अशी खरखर केली त्यानं की सुनीतानं कानावर हात ठेवले. इंदलभाऊंचा चेहरा फुलला.

"हा पाहा! याले म्हनतेत रेडिओ!"

डिजिटल त्यांनी घरी बायकोसाठी ठेवला, आणि खटारा वावरात नेला. मी मात्र हिशेबात सेट विकलेलाच धरला. 

*

असे रडतपडत तीन सेट गेले, चौथा किस्सा न देताच खपला, आणि दोन उरले. दिवाळी पंधरवड्यावर आली. सुनीता रोज सकाळी काच पुसायला लागली. आधी कधी पुसत नव्हती. एक दिवस तर तिनं टेप लावून कपाट मोजलं, आणि जेवणावरून माझं मनच उडालं.

तेव्हा धनलालभाऊ आले. बाजारामागच्या गल्लीत राहतात. धनलालभाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ छगनभाऊ, दोघांचं घर एकच, मधात भिंत. भिंतीत एक दरवाजा आहे, त्याला दोन्ही बाजूंनी कुलूप. बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पाण्यावरून कधीतरी भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. दिवाळीचा फराळसुद्धा इकडचा तिकडे जात नाही. गाण्याचं वेड मात्र दोघांना सारखंच. दुपारी जेवण झालं की जुन्या गाण्यांचा कार्यक्रम दोन्ही घरी लागणार म्हणजे लागणार.

धनलालभाऊंनी डिजिटल सेट नेला. मी खूश! तिसऱ्या दिवशी छगनभाऊ आले ते लाल होऊन.

"दादाले कोनता रेडिओ देल्ला तुमी? त्यो माह्या मांगं मांगं गानं वाजवून राहिला!"

"म्हणजे?"

"माह्यावर ओळ झाली का त्याच्यावर तीच ओळ सुरू होते. मुद्दाम चिडवून राहिला मले!"

ते गेले नाहीत तोच धनलालभाऊ. "छगनले समजवा. माही ओळ लागाच्या अगोदर त्याची वाजते. पुढं पुढं पळून राहिला, जसा काही लहानपनीचाच हाये!"

आता यांना कसं सांगू? डिजिटलचा आवाज आधी बांधला जातो, मग रेडिओत सोडवला जातो, म्हणून दोन-तीन सेकंद उशिरा येतो. मी धनलालभाऊंना हे नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे जुना टायमावर हाये आन् नवीन लेट?"

"हो."

"आन् नवीनचे पैसे जास्त?"

मी पाणी प्यालो.

दोघांनी आवाज वाढवला. गल्लीत एकच गाणं दोनदा, तेही एकमेकांत अडकलेलं. शेजारीपाजारी मला शिव्या घालायला लागले. शेवटी दिवाळीला दोन दिवस असताना छगनभाऊ तोंड पाडून आले. "दादासारखाच एक द्या. पन त्याले सांगू नका."

सहावा सेट! मी खोकं बांधून दिलं, आणि सुनीताकडे असं बघितलं की काय सांगू! तिनं टेप गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला. बाबांची काच वाचली. त्या दुपारी मी मुद्दाम गल्लीतून चक्कर मारली. दोन्ही घरातून एकच गाणं, एकाच वेळी, एका सुरात येत होतं. जीव सुखावला माझा, खरंच.

दुसऱ्या दिवशी, ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी, मी दुकानाला तोरण लावत होतो तर छगनभाऊ समोर. हातात तेच खोकं.

"वापस घ्या."

तोरण माझ्या हातातच राहिलं. सुनीता तिच्या काउंटरवरून उठून आली. मी म्हटलं, "भाऊ, विकलेला माल वापस घेत नाही मी! आज तर नाहीच नाही! खराब आहे का? मुका झाला का? तार बाहेर काढून देतो चला, आत्ता येतो!"

"खराब नाही जी. एक नंबर हाये."

"मग दादाशी पुन्हा भांडले का?"

"नाही."

सुनीतानं विचारलं, "मंग झालं काय छगनभाऊ?"

छगनभाऊंनी खोकं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाले, "काल मधातला दरवाजा खोलला, वहिनी."

"कोनं?"

"आता कोनं म्हनू? कुलपं त दोन्हीकून होते." त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. "एका घरात दोन रेडिओ कायले पायजे?"

 बिल फाडू की हसू, की रडू. सुनीतानंच पुढे होऊन खोकं घेतलं, रेडिओ बाहेर काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"अजी, पाहून काय राहिले? ठेवा काचेत. मधात ठेवा, रस्त्यावरून दिसाले पायजे."