मास्तर दार ओलांडतात

मास्तर आमच्या समोरच्या घरात राहतात. चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी कापड बेतलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. बायको जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती मुलगी परगावी असते. रोज सकाळी आठ वीसला मी कामावर निघायचो, तेव्हा ते दूध आणायला निघत. "येतो साहेब." "या मास्तर." एवढंच आमचं बोलणं. गेल्या वर्षी ते दिसेनासे झाले. हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले.

मग एक दिवस त्यांचं दार उघडं दिसलं. हातात पिशवी घेऊन मास्तर उंबरठ्याच्या आत उभे. मी छत्री घ्यायला घरात जाऊन परत आलो, तरी तसेच.

"काय झालं मास्तर?"

"पाय निघत नाहीत."

"चला, मी आहे ना," म्हणत मी त्यांचा हात धरून ओढला. अंग पुढे आलं, पाय मागेच राहिले. मास्तर गुडघ्यांवर आपटले.

"ओढायचं नसतं हो," ते खाली बसूनच म्हणाले. "मशीनमध्ये कापड अडकलं तर कुणी हिसका देतं का?"

त्या दिवशी मी कामावर उशिरा गेलो. मास्तरांनी चहा केला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं होतं. खोलीत चालता येई. दार समोर आलं की पाय खिळत. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, कधी नाचलात का?" मास्तर लाजले. नाचले होते, बायकोबरोबर, रविवारी दुपारी, खिडक्या लावून, रेडिओच्या गाण्यांवर. बायको मोजायची, "एक-दोन-तीन." त्या मुलीने तसाच ताल धरला आणि मास्तर दवाखान्याच्या दारातून बाहेर! ती म्हणाली, मेंदूतली आपोआप चालवणारी वाट या आजारात अडते. ताल मिळाला की मेंदू पायांना दुसऱ्या वाटेने हलवतो.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"तसाच एकदा दारातून निघालो, बायकोबरोबर नाचताना धरायचो तसे हात वर धरून. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात होत्या. म्हणाल्या, 'कोण पाहुणी आणलीत मास्तर? आम्हालाही दाखवा की!' मी गेटवर पोचायच्या आत म्हातारचळाची बातमी तिथं हजर." ते हसले. "मला हसा. पण तिला कशाला मध्ये आणायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आठ वाजून पंधरा मिनिटांनी मी त्यांच्या दाराशी टाळ्या वाजवू लागलो. हात खाली सोडून, नुसत्या पायांनी ताल धरत ते बाहेर पडत. "बाहेर जाऊन आलो ना, की दुपारपर्यंत घर एवढं मोठं वाटत नाही," एकदा म्हणाले. रविवारी मात्र ते घरातच असत. का, तर साहेब उशिरा उठतात.

दोन महिन्यांनी मास्तरांची मुलगी आली. वृद्धाश्रमात जागा बघून आली होती.

"बाबा, घरात आग लागली तर दारातच उभे राहाल. हे समोरचे काका काय दिवसभर टाळ्या वाजवत बसणार?"

"मला इथंच राहायचंय."

"मग एकट्याने गेटपर्यंत येऊन दाखवा. आलात तर पुन्हा विषय काढणार नाही."

ती बाहेर जिन्यापाशी उभी राहिली. वहिनी वरच्या पायरीवर. मी हात पाठीमागे धरले. मास्तर उंबरठ्याशी आले आणि थांबले. घड्याळात एक मिनिट गेलं, मग दुसरं. मुलीने मान वळवली.

मास्तरांनी पिशवी खांद्याला अडकवली. डावा हात उचलला. उजवा समोर हवेत धरला, कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा. हात फार वर नव्हते, खांद्याच्या जरा खालीच. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. "एक-दोन-तीन," म्हणाले आणि उंबरठा ओलांडला. वळणावर थबकले, पुन्हा मोजलं, वळले, उतरले.

कुणी हसलं नाही. मुलगी कठडा धरून म्हणाली, "आई एवढ्याच उंचीची होती." मग बापाच्या मागे गेटपर्यंत गेली. चारच्या गाडीने ती परतली. जागा नको म्हणून कळवलं होतं.

आता माझ्या टाळ्या लागत नाहीत. मास्तर रविवारीही निघतात. जिन्यात समोर आलेलं माणूस भिंतीला चिकटून वाट देतं, दोघांना पुरेल एवढी. वहिनीसुद्धा. बोलायला मात्र कुणी थांबत नाही.

परवा गेटपाशी मी विचारलं, "आता छान चाललंय ना?"

"येताना छान असतं, साहेब. इथं पोचलं की हात खाली घ्यावा लागतो."

त्यांनी हात खाली घेतला, त्यात पिशवी धरली आणि दूध आणायला गेले.