जतच्या मुलीचं शिफारसपत्र

सांगलीच्या आमच्या कॉलेजात शिफारसपत्र विद्यार्थ्यानंच लिहून आणायचं, आम्ही फक्त सही करायची. जतची एक मुलगी आली. तिला फ्रान्सच्या विद्यापीठात फ्रेंच आणि भूगोल शिकायचा होता. ओढणीनं टेबल पुसून तिनं कागद ठेवला. ‘फ्रेंच अडखळत बोलते,’ असंही लिहिलं होतं.

“अगं, असं कुणी लिहितं?”

“खरं हाय की, सर. खोट्यावर तुमची सही कशी घ्यायची?”

मी हसून सही केली. प्रवेश नाकारला गेला. तेही तिनंच येऊन सांगितलं, “शिफारस कमी पडली म्हणत्यात. तुमी वाईट वाटून घिऊ नका.”

पोरगी कच्ची होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं तर गावोगाव फिरून तिनं काढलेला विहिरींचा नकाशा मी पाहिला होता. तसा मलाही जमला नसता. त्या पत्रात मी एवढंच लिहायला हवं होतं.