कॉस्टिकची ओळ

छापखान्यात त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत. छत्तीस वर्षं ते लेबलं, पत्रकं आणि पुस्तकं जुळवत आले होते, आणि चुकलेला काना त्यांच्या नजरेतून क्वचितच सुटे. बायको म्हणायची, "यांना प्रेमपत्र लिहिलं असतं, तर दुरुस्त करून परत पाठवलं असतं!"

एका सकाळी एक बाई लेबल छापायला आल्या. एका कारखान्याचं कँटीन बंद पडेपर्यंत त्या तिथे स्वयंपाक करत. आता घरी साबण करून बाजारात विकत होत्या. कागदावर लिहिलं होतं: 'रसायनमुक्त. घटक: खोबरेल, एरंडेल, बदामतेल, गुलाब.'

"ताई, नुसत्या तेलाचा साबण होतो?" कानामात्रांनी विचारलं.

"होतो."

"मग आमच्या हिच्या केसांत आत्तापर्यंत फेस यायला हवा होता."

बाई कागद उचलून तडक निघून गेल्या. मालकांनी कानामात्रांना चांगलंच फैलावर घेतलं. "गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायला बसला आहात का?"

रविवारी कानामात्रा माफी मागायला त्यांच्या घरी गेले. बाई दारातच म्हणाल्या, "आलाच आहात तर बघा." त्यांनी हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला, दुसरा त्यांना दिला. काट्यावर पांढरे दाणे अचूक मोजून त्यांनी हळूहळू पाण्यात सोडले. पाणी आपोआप तापून वाफाळलं.

"हे कॉस्टिक. हातावर पडलं तर कातडी जाळेल. पण याच्याशिवाय साबण नाही, काका. तेलाशी गाठ पडली की दोघंही बदलतात. उरतो साबण आणि ग्लिसरीन. माप बरोबर असेल तर कॉस्टिक उरत नाही."

मग फळीवरची सहा आठवडे वाळलेली वडी उचलून त्यांनी तिला जिभेचं टोक लावलं. "चरचरलं असतं तर सगळा घाणा बाद."

"मग हे लिहीत का नाही?"

"लिहिलं तर कोण घेईल?"

"आणि गुलाब?"

बाईंना हसू फुटलं. "या सुगंधाच्या बाटलीनं गुलाब पाहिलेलासुद्धा नाही."

तिथेच ओट्याशी बसून दोघांनी नवा मजकूर लिहिला. 'बनवताना कॉस्टिक सोडा वापरला आहे. तयार साबणात तो उरत नाही. वास कृत्रिम.' तिन्ही तेलांची नावं होतीच. बाईंनी धाकधुकीनं शंभरच लेबलं छापून घेतली.

पहिले दोन आठवडे लोक लेबल वाचून वडी खाली ठेवत. "तुमच्या खरेपणानं माझा धंदा बुडवला," बाई छापखान्यात येऊन म्हणाल्या. त्या रात्री कानामात्रांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका नर्सनं लेबल शेवटपर्यंत वाचलं. "माझ्या भाचीला बदामाचं तेल लागलं की अंगभर गांधी उठतात. इतकं स्पष्ट कुणी लिहीतच नाही. बदाम वगळून करून द्याल?"

बाईंनी बदामाऐवजी सूर्यफुलाचं तेल घेतलं. तेल बदललं की कॉस्टिकचं मापही बदलतं, म्हणून त्यांनी सगळा हिशेब नव्यानं मांडला आणि दोनदा तपासला. साबण वाळला. भाचीला तो मानवला. मग नर्सबाईंच्या वॉर्डातल्या आणखी सात जणी आल्या.

पुढच्या वेळी बाई छापखान्यात आल्या त्या हसतच.

"काका, पाचशे लेबलं. आणि कॉस्टिकची ओळ जरा मोठ्या अक्षरात घ्या. लोक तेवढंच विचारतात, आणि मला सांगायला आवडायला लागलंय."